निळ्या प्लास्टिकखालचं तळं

ग्रिमाल्दा ओस्कानोआचा माग एका वर्षात तीनदा हलला. आमच्या वायरापाम्पा गावात माणसंही इतकी हलत नाहीत.

मुळात ती हलवायची वस्तूच नव्हती. तिच्या सासऱ्यानं निलगिरीचे चार खांब हातभर जमिनीत पुरून आधी माग उभा केला, मग त्याच्याभोवती मातीच्या विटांच्या भिंती घातल्या आणि वर पत्रा टाकला. म्हणजे घर मागासाठी बांधलेलं होतं. हे तिच्या मुलाला, एदिल्बेर्तोला, लहानपणापासून ठाऊक होतं. पण लिमात अकरा वर्षं ट्रक चालवून तो परतला तेव्हा बरंच काही घेऊन आला आणि एवढं विसरून आला.

एदिल्बेर्तोच्या बाप्तिस्म्याला मी त्याला हातात धरलं होतं. त्यामुळे तो मला पाद्रिनो, म्हणजे धर्मबाप, म्हणतो आणि त्याची आई मला कोम्पाद्रे म्हणते. बाकीचं गाव तिला मानानं दोन्या म्हणतं, आणि मला प्रोफे, कारण चौतीस वर्षं मी त्यांच्या मुलांना भागाकार शिकवला. भागाकार कुणाच्या लक्षात राहिला नाही, प्रोफे राहिला.

ग्रिमाल्दा अठ्ठावन्न वर्षांची. नवव्या वर्षापासून मागावर. नवरा खाणीत गेला आणि खाणीनं त्याला छातीतल्या धुळीसकट थोडा थोडा परत पाठवला. तो वारला त्याला आता चौदा वर्षं झाली. आमच्याकडे सगळेच विणतात, पण आमचं विणणं वेगळं. उभे धागे ताणून घ्यायचे, आणि त्यांच्यात सूत न भरता पिंजलेल्या, न कातलेल्या लोकरीचे पुंजके बोटांनी दाबून बसवायचे. मग वरून एक आडवा धागा सोडून फणीनं ठोकायचं. पुंजका सुतासारखा सरळ रेषेत राहत नाही, कडेला धुरासारखा पसरतो. दोन रंगांचे पुंजके तळहातांत घासले की तिसरा रंग होतो, आणि तो पुन्हा तसाच होईल याची खात्री नाही. पुढे जाल तसं विणलेलं खालच्या रुळावर गुंडाळलं जातं. चित्र आडवं विणलेलं असतं, डाव्या टोकापासून उजव्या टोकाकडे. त्यामुळे विणणाऱ्याला एका वेळी हातभर चित्र दिसतं. सगळं दिसतं ते धागे कापल्यावरच, आणि तेव्हा काही करता येत नाही.

ग्रिमाल्दाला ते बघायची गरजही नव्हती. ती बावीस वर्षं चौदा नंबर विणत होती. चौदा नंबर म्हणजे एक तळं, मागे बर्फाचा डोंगर, दोन लामा, आणि पाठमोऱ्या उभ्या तीन बायका. बायका पाठमोऱ्या आहेत कारण चेहरा विणायला वेळ लागतो. विणलेलं विकत घेणाऱ्या लिमाच्या सेन्योरा इवोन दर दोन महिन्यांनी छोटा ट्रक घेऊन यायच्या, नवा चौदा नंबर जुन्या नमुन्याशेजारी धरायच्या आणि सीमेवरचा शिपाई पासपोर्टवरचा फोटो बघतो तसं दोन्हींकडे बघायच्या. ग्रिमाल्दाचा चौदा नंबर कधी अडवला गेला नाही.

कॅलेंडर माझ्यामुळे आलं, हे मी आधीच कबूल करतो. मी तार्मा शहरात चष्मा करायला गेलो होतो आणि चष्मेवाल्यानं पुढच्या वर्षाचं कॅलेंडर दिलं. बारा महिने, बारा चित्रं, सगळी फ्रान्समधल्या एका जुन्या दाढीवाल्या चित्रकाराची. ग्रिमाल्दा नगरपालिकेचं पत्र दाखवायला माझ्याकडे आली. एदिल्बेर्तोनं घराच्या बांधकामाचा परवाना काढला होता आणि परवान्यावर मालक म्हणून त्याचंच नाव होतं. ते तिला वाचता येत होतं. ते खरं आहे का, एवढंच तिला विचारायचं होतं. खरं होतं. मग ती बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली. मला वाटलं, परवान्याचा विचार करतेय.

"ही तीच गंजी आहे ना?" तिनं विचारलं. जानेवारीवर सातूच्या गंजीसारखी एक गंजी होती. तिनं पान उचललं, फेब्रुवारीवर पुन्हा तीच.

मी म्हटलं, तीच.

"मग दोनदा कशाला काढली?"

"एक सकाळची आहे, एक संध्याकाळची."

तिनं मार्च उचलला. तिथं एका चर्चची भिंत होती, एप्रिलमध्ये तीच भिंत दुपारची. मे महिन्यात तळं, त्यावर गोल पानं. तिनं ते पान बोटानं चाचपून बघितलं, जणू कागदावर लोकर लागणार होती.

"आणि हे लोकांनी घेतलं?"

"घेतलं. जरा उशिरा."

"मी बावीस वर्षं एकच तळं विणतेय, कोम्पाद्रे," ती म्हणाली. "दुसऱ्या वेळेचंही चालतं, हे मला कुणी सांगितलं नाही."

तिला ती पानं हवी होती. मला तारखा हव्या होत्या. शेवटी असं ठरलं की महिना संपला की त्याचं पान तिचं. त्या वर्षी दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी सातला ती माझ्या दारात उभी असायची. पेन्शन आणायला मीही इतका वेळेवर जात नाही.

एदिल्बेर्तोनं घराचा नकाशा सिमेंटच्या रिकाम्या पिशवीच्या कागदावर काढला होता. विटांच्या भिंती, वर सिमेंटचा स्लॅब, स्लॅबवर लोखंडी सळया वर काढलेल्या, म्हणजे पुढेमागे दुसरा मजला चढवता येईल. आमच्या गावातल्या प्रत्येक छतावर अशा सळया आहेत. काही पंचवीस वर्षांपासून आहेत. पुढची खोली शेतीच्या औषधांच्या दुकानाला भाड्यानं द्यायची, मधे दोन खोल्या राहायला, आणि मागची खोली त्या दुकानाच्या पोत्यांची. मागच्या खोलीला झऱ्याच्या बाजूनं भिंत कोरी, कारण तिकडून वारा येतो.

आईनं विचारलं, माग कुठं आहे? एदिल्बेर्तो म्हणाला, आई, आता तू जरा बस. गुडघे बघ तुझे. तिनं विचारलं, बसू, पण कुठं? नकाशात बसायची जागाही नव्हती. त्याचं आईवर प्रेम नव्हतं असं नाही. त्याला तिला आराम द्यायचा होता, आणि आराम कसा दिसतो हे त्यानं लिमात टीव्हीवर पाहिलं होतं. त्यात माग नव्हता.

घासाघीस चार दिवस चालली. पाचव्या दिवशी तिनं माझ्यासमोर एक गोष्ट ठरवून टाकली.

"मी एक विणते. चौदा नंबर नाही, माझं. आपला झरा. सेन्योरा इवोननं ते घेतलं तर मागच्या खोलीत माग, आणि झऱ्याकडे खिडकी. नाही घेतलं तर माग तुझा. खांब स्लॅबच्या आधाराला लाव, नाहीतर चुलीत घाल."

एदिल्बेर्तो लगेच हो म्हणाला. तो सेन्योरा इवोनना ओळखत होता. मीही ओळखत होतो, म्हणून मी गप्प बसलो. तेव्हाच बोलायला हवं होतं, असं मला नंतर वाटलं.

खांबांचं तिनं उगीच म्हटलं नव्हतं. गवंडी माएस्त्रो तेओदुलो काप्चा पहिल्याच दिवशी मागाभोवती दोनदा फिरला होता, बाजारात बैल बघतात तसा. स्लॅब ओतला की तो घट्ट होईपर्यंत खाली चार आठवडे खांबांचा आधार लागतो, आणि काप्चाला बरोबर चार लांब खांब कमी पडत होते. तो खांबांना थाप मारून म्हणाला होता, "जुनी निलगिरी. अशी आता मिळत नाही." कुणी विचारलं नव्हतं.

विणकाम एप्रिलमध्ये सुरू झालं. झरा गावाच्या मागे, घरापासून तीनशे पावलांवर. त्याचं नाव युराकपुक्यो, पण सगळे झराच म्हणतात. पाण्याचं एक तळं, कडेला लव्हाळ्याचं रान, दोन-चार बदकं. ग्रिमाल्दा पहाटे पिशवीत पुंजके भरून जायची, काठावरच्या सपाट दगडावर ते मांडायची आणि पाण्याकडे बघून एकेक उचलायची. पाण्याच्या कडेला बर्फाची पातळ साय असायची. बोटं बधिर झाली की परत यायची, बटाटे उकडायला ठेवायची आणि विणायची. गावातल्या बायकांनी तिला विचारलं, झऱ्यावर लोकर वाळवतेस का गं, पहाटेची? ती म्हणाली, नाही, लोकरीला पाणी दाखवते. मग त्यांनी विचारायचं सोडलं.

डावीकडचा एक तृतीयांश भाग जुन्या खोलीत विणून झाला आणि जूनमध्ये जुनी खोली पाडायची वेळ आली. विणलेलं रुळावर घट्ट गुंडाळून, दोन्ही रूळ बांधून, खांब उकरून माग अंगणात नेला. जमिनीत पुन्हा खड्डे केले, वर आडवे बांबू टाकले आणि त्यावर प्लास्टिक ताणलं. निळं प्लास्टिक. आमच्याकडे दुसरं मिळत नाही. बटाटे त्याच्याखाली झाकतात, लग्नाचे पाहुणे त्याच्याखाली जेवतात, आणि माणूस गेला तर बाकी लोक त्याच्याखाली रात्र काढतात. त्याचा रंग आम्हाला दिसतच नाही.

ग्रिमाल्दालाही दोन दिवसांनी दिसेनासा झाला. जून-जुलै तिनं त्याच्याखाली विणलं. काप्चाच्या हाताखाली सहा माणसं होती. त्या सगळ्यांचं जेवण तिच्याकडेच, त्यामुळे आता तिला झऱ्यावर जायला पहाटेचा अर्धा तासच मिळायचा. बाकीचा रंग डोळ्यांत धरून आणायची. ऑगस्टमध्ये विटा आल्या आणि अंगणही गेलं. मग माग स्वयंपाकघरात, चुलीच्या धुरात आणि एका पिवळ्या बल्बखाली. उजवा भाग तिथं झाला.

सेन्योरा इवोन सप्टेंबरातल्या दुसऱ्या गुरुवारी येणार होत्या आणि शनिवारी स्लॅब ओतायचा होता. गुरुवारी सकाळी ग्रिमाल्दानं धागे कापले. मी होतो, एदिल्बेर्तो होता. आम्ही तिघांनी ते विणलेलं बाहेर आणलं आणि विटांच्या ढिगावर उन्हात पसरलं.

डावा भाग झऱ्यासारखा होता. सकाळचं राखी-हिरवं पाणी, कडेला पांढरी साय. त्याच्यापुढे पाणी एकदम दुधासारखं झालं होतं, आणि लव्हाळ्याखालच्या सावल्या लाल होत्या. लालसर नव्हे, लाल, कोचिनीलच्या किड्याचा गडद लाल. उजव्या टोकाला सगळ्या पाण्यावर हळद सांडली होती.

"आई," एदिल्बेर्तो हळूच म्हणाला, "पाण्यात काय कापलं?"

त्यानं ते कुचकेपणानं म्हटलं नव्हतं. ती आत जाऊन पुंजक्यांची टोपली घेऊन आली. कोपऱ्यात सिमेंटच्या पोत्यांवर अजून निळं प्लास्टिक ताणलेलं होतं. तिनं एक लाल पुंजका त्याच्याखाली धरला. तो काळा दिसला. पांढरा धरला. तो फिकट निळा दिसला. बाहेर काढला, पुन्हा आत नेला. असं तीन-चारदा केलं. मग बल्बखाली पिवळा आणि पांढरा शेजारी धरले. दोन्ही एकच. काय झालं ते तिला कळलं. दोन महिने तिनं सावलीला काळा म्हणून लाल आणि पाण्याला निळा म्हणून पांढरा भरला होता, आणि प्रत्येक पुंजका भरताना तिची खात्री होती.

मी तिला कॅलेंडरच्या मागे छापलेलं सांगितलं. तो दाढीवाला म्हातारा झाला तेव्हा त्याला मोतीबिंदू झाला होता. त्या काळात त्यानं काढलेल्या तळ्यात रंग असेच उलटेपालटे आहेत, आणि लोक तीही चित्रं बघायला जातात.

"त्याला मोतीबिंदू होता," ग्रिमाल्दा म्हणाली. "मला एदिल्बेर्तो आहे."

एदिल्बेर्तोनं खाली बघितलं. तेवढ्यात वरून आवाज आला. काप्चा मागच्या भिंतीवर बसून विटा लावत होता आणि बराच वेळ खाली बघत असावा, कारण थापीवरचा गारा वाळला होता.

"मधलं ते चारचं आहे ना, दोन्या ग्रिमाल्दा? ऊन डोंगरामागे जायच्या जरा आधीचं?"

आम्ही सगळ्यांनी मान वर केली.

"तसंच होतं ते," तो म्हणाला. "पाणी पांढरं पडतं आणि लव्हाळ्याखाली लाल. आठ-दहा मिनिटं. मग पिवळं. महिनाभर रोज बघतोय. भिंतीवर बसून दुसरं बघणार काय?"

"लाल?"

"लाल."

"चार वाजता मी तुमचे बटाटे सोलत असते," ग्रिमाल्दा म्हणाली. "आणि त्याच्याआधी पन्नास वर्षं मागावर असायचे. पाठ झऱ्याकडे."

सेन्योरा इवोन दोन वाजता आल्या. त्या वाईट बाई नाहीत, हे मी मुद्दाम लिहितो. गावातली निम्मी पोरं त्यांच्या चौदा, सतरा आणि बावीस नंबरांवर शाळेत गेली. त्यांनी विणलेलं दोन्ही हातांनी उचललं, मागची बाजू बघितली, गाठी बघितल्या, काम स्वच्छ आहे म्हणाल्या. मग ते लांब धरलं.

"दोन्या ग्रिमाल्दा, तुमचे रंग तीन वेगवेगळ्या वेळी केलेत हो. जुळत नाहीत."

ग्रिमाल्दानं सांगितलं, तीन वेगवेगळ्या वेळांचंच आहे ते. सेन्योरांना ते कळलं नाही, किंवा कळलं असेल पण उपयोगाचं वाटलं नाही. त्या म्हणाल्या, हे सोफ्यामागच्या भिंतीवर लागतं, आणि सोफ्यावर बसलेल्या माणसाला शांत वाटलं पाहिजे. ह्याच्याखाली बसून कुणाला शांत वाटणार? मग दोन चौदा नंबर सांगितले, नोव्हेंबरपर्यंत. ग्रिमाल्दानं त्यांना गरम चहा आणि चीज दिलं, दारापर्यंत सोडलं, आणि परत येऊन विणलेल्याची घडी घातली. काप्चाला म्हणाली, उद्या सकाळी माग घ्या.

एदिल्बेर्तो तिच्यामागे स्वयंपाकघरात गेला. आई, मी आत्ताच म्हणत नव्हतो, असं काहीतरी तो म्हणाला. ती म्हणाली, मी म्हटलं होतं.

चार वाजता तिनं सोलायचे बटाटे तसेच ठेवले आणि झऱ्यावर गेली. पन्नासेक मिनिटांनी परतली. त्या दिवशी काप्चाच्या माणसांना जेवायला उशीर झाला. मी विचारलं, बघितलं? ती म्हणाली, काप्चा खरं बोलतो. 

शुक्रवारी माग उतरवला. खांब मागच्या खोलीत स्लॅबच्या फळ्यांखाली उभे केले. पुरलेला हातभर भाग धरून लांबी नेमकी बसली. काप्चानं दोनदा मोजलं आणि तिसऱ्यांदा नुसताच बघत राहिला. संध्याकाळपर्यंत त्यानं झऱ्याकडची भिंतही वरपर्यंत नेली. शेवटच्या विटा तो एकटाच लावत होता, माणसांना त्यानं दुसरीकडे पाठवलं होतं. मी ग्रिमाल्दाला बाजूला घेऊन म्हटलं, उद्याचा पाद्रिनो मीच आहे. मी काही सांगू शकतो.

"नको," ती म्हणाली. "शब्द माझा होता."

आता उद्याच्या पाद्रिनोबद्दल. छत ओतायच्या दिवशी आमच्याकडे छताचा एक धर्मबाप असतो. तो क्रूस आणतो आणि बिअरची खोकी आणतो. खोकी वाळूच्या ढिगावर ठेवून वर स्वतःची टोपी ठेवतो. स्लॅब झाला की तो घरभर फिरतो आणि तीन चुका काढतो. प्रत्येक चूक दुरुस्त झाल्याशिवाय टोपी उचलायची नाही, आणि टोपी उचलल्याशिवाय कुणी प्यायचं नाही. बहुतेक जण सैल खिळा, वाकडी वीट असलं काहीतरी काढतात आणि लवकर संपवतात. पाद्रिनोलाही तहान असतेच.

शनिवारी सकाळी सहाला चाळीस माणसं आली. डब्यांची रांग लागली, खाली कालवायचं, खांद्यावरून वर न्यायचं, ओतायचं. बँडवाले तीन होते, त्यांतला पितळी तुबा फुंकणारा तुबावाला सोडला तर दोघांना गाणी येत होती. मक्याचं आणि मटणाचं पाताश्का रात्रीपासून शिजत होतं. साडेबाराला शेवटचा डबा वर गेला आणि काप्चानं फळीनं वरचा भाग सपाट केला. मी क्रूस बांधला. मग फिरायला निघालो. सगळे माझ्यामागे.

पहिली चूक मी पायरीची काढली. दुसरीवरून तिसरीवर चढताना बाकीच्यांपेक्षा चार बोटं जास्त चढावं लागायचं. काप्चानं गारा टाकून दुसरी वाढवली. दुसरी चूक संडासाच्या दाराची, जे उघडलं की जिन्यावर यायचं. ते बिजागरीतून काढून उलटं लावलं, त्याला वीस मिनिटं गेली आणि लोक माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघू लागले. मग आम्ही मागच्या खोलीत आलो. तिथं इतका अंधार होता की मला चूक काय, विटाही धड दिसत नव्हत्या. मागाचे चार खांब छताला टेकून उभे होते. मी ग्रिमाल्दाकडे बघितलं. तिनं मान हलवली, नको. मी एखादा खिळा शोधू लागलो.

"तिसरी मी सांगते," ती म्हणाली.

यावर म्हाताऱ्यांचा वाद झाला. मालकिणीनं स्वतःच्या घराची चूक काढायची पद्धत नाही, एक म्हणाला. पाद्रिनोनं आपली पाळी दुसऱ्याला दिली तर चालतं, दुसरा म्हणाला. शेवटी कुणीतरी विचारलं, घर कुणाच्या नावावर आहे? नगरपालिकेचं पत्र मीच वाचलं होतं. मी सांगितलं, एदिल्बेर्तोच्या. मग ती पाहुणीच झाली, म्हातारे म्हणाले, बोलू दे.

"ह्या घरात एक चूक आहे आणि ती माझी आहे," ग्रिमाल्दा म्हणाली. आवाज चढवला नाही, मागच्या लोकांना पुढे सरकावं लागलं. "माझं तळं बरोबर की चूक, हे मी अशा बाईला विचारलं जिनं झरा कधी बघितला नाही. तिची चूक नाही. मी विचारायला नको होतं. इथं विचारायला हवं होतं. झरा रोज तुमच्या डोळ्यांसमोर आहे. मी शब्द दिला आणि त्या शब्दावर ही भिंत उभी राहिली. ती शब्दासकट काढा."

 मग तुबावाल्यानं विचारलं, "म्हणजे फोडायची ना?"

एदिल्बेर्तो बाहेरच्या खोक्यांकडे बघत होता. मग चाळीस माणसांकडे. मग माझ्याकडे.

"पाद्रिनो, ही चूक धरायची का?"

"टोपी माझी आहे," मी म्हटलं. "चूक तिची आहे. घर तुझं."

"वारा येईल, आई."

"मी जन्मल्यापासून येतोय."

तो भिंतीपाशी गेला. मग हातोडा मागितला. काप्चानं तो दिला आणि खडूनं भिंतीवर चौकोन काढला, न मोजता. एदिल्बेर्तोनं पहिला घाव जोरात घातला आणि तोल जाता जाता वाचला, कारण वीट सहज निघाली. दुसरी तर हातानंच निघाली. विटांच्या मधे सिमेंट नव्हतं, माती होती. चौकोनाच्या वर, छताखाली, लोखंड घातलेली सिमेंटची पट्टी आधीच बसवलेली होती, बरोबर खिडकीच्या रुंदीची. एदिल्बेर्तोनं काप्चाकडे बघितलं.

"सिमेंट कमी पडलं होतं काल," काप्चा म्हणाला.

कोपऱ्यात तीन पोती होती. त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही.

भगदाड पूर्ण झालं तेव्हा दीड वाजला होता. सगळ्यांनी आळीपाळीनं डोकं घालून झरा बघितला. दीड वाजता झऱ्यात काही नसतं, राखी पाणी, एक बदक. ह्यासाठी? एकानं विचारलं. ग्रिमाल्दा म्हणाली, चारपर्यंत थांबा. मी टोपी उचलली. चार वाजता थांबलेले सगळेच होते, पण बघण्याच्या अवस्थेत फारसं कुणी नव्हतं. काप्चा होता. तो आणि ती भगदाडापाशी उभे राहून बघत होते.

खांब अठ्ठावीस दिवस स्लॅब धरून उभे राहिले. तेवढे दिवस ती त्या खोलीत खाटेवर बसून लोकर पिंजत होती, खिडकीसमोर. ऑक्टोबरात एदिल्बेर्तोनं स्वतः खड्डे केले आणि माग उभा केला, ह्या वेळी नव्या घरात. पोत्यांना दुकानदारानं दुसरी जागा शोधली. खिडकीची चौकट यायला वेळ होता, म्हणून वाऱ्याला प्लास्टिक लावायचं ठरलं. एदिल्बेर्तो गावातल्या दुकानातून मीटरभर घेऊन आला. ग्रिमाल्दानं नुसतं त्याच्याकडे बघितलं. तो तसाच वळला, ट्रक काढला, तार्माला गेला आणि पारदर्शक प्लास्टिक घेऊन आला. ते तिथं फुलवाल्यांकडे मिळतं.

तिनं आधी दोन चौदा नंबर विणले. सांगितलेलं काम सांगितलेलं असतं. पाठमोऱ्या बायकांपैकी मधलीनं मान जरा वळवली आहे, असं मला वाटलं, पण सेन्योरांनी नमुन्याशेजारी धरून घेतलं, म्हणजे वळवली नसेल. मग तिनं झरा पुन्हा लावला, दीड वाजताचा. मी म्हटलं, त्यात काही नसतं. ती म्हणाली, म्हणूनच.

पहिला झरा तिनं मला दिला. डिसेंबरचं पान तिनं एक जानेवारीला नेलं तेव्हा माझ्या भिंतीवर नुसता खिळा उरला होता, त्यावर तो टांगला. दिवसा त्याच्यात झऱ्याच्या तीन वेगवेगळ्या वेळा दिसतात. संध्याकाळी मी बल्ब लावला की उजव्या टोकाची हळद जाते आणि पाणी पांढरं, शांत, सोफ्यावर लावण्यासारखं होतं. ग्रिमाल्दा माझ्याकडे आली की बसायच्या आधी बल्ब बंद करते. वीज वाचते म्हणते.